मदत हवी आहे: रेकॉर्ड प्लेअर डेस्कटॉप स्पीकरला कसा जोडू?

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या घरी बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर परत सुरू केलाय. स्पीकर आत अ‍ॅम्प्लिफायर असलेले आहेत, मागे लाल-पांढरे आरसीए सॉकेट. मोबाइल जोडला की घर दणाणतं. प्लेअर जोडला की आवाज पुटपुटल्यासारखा, बेस तर नाहीच. व्हॉल्यूम वाढवला की नुसती घूं घूं. प्लेअरची अर्थिंगची बारीक वायर तशीच लोंबतेय.

वाचलं त्यावरून मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, म्हणून मध्ये तो वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. तो पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत मिळेल का? ती अर्थिंगची वायर प्रीअ‍ॅम्पलाच जोडायची ना? बाबा ऐंशीचे झालेत. गणपतीआधी त्यांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या त्यांना ऐकवायच्यात.