दिल्लीच्या विमानात आईवडिलांसाठी कोणती जागा घ्यावी?

जालनेकर:
पुढील महिन्यात आईवडिलांना घेऊन चिकलठाणा विमानतळावरून सकाळच्या विमानाने दिल्लीला जायचे आहे. विमान एअरबस ३२० असून सगळ्या जागा एकाच वर्गाच्या आहेत. वडिलांच्या उजव्या गुडघ्याची दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे आणि तो पाय फार वेळ दुमडून ठेवता येत नाही. आईचा हा पहिलाच विमानप्रवास असल्याने तिला खिडकी हवी आहे. पाय पसरायला भरपूर जागा मिळते असे ऐकल्यामुळे वडिलांसाठी आपत्कालीन दाराजवळची जागा जास्त पैसे भरून घ्यावी, असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का?

पैठणची लेक:
दादा, ती जागा कृपया घेऊ नका. त्या ओळीत बसणाऱ्याला प्रसंगी दार उघडून इतरांना बाहेर पडण्यास मदत करावी लागते, म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हालचालीस अडचण असलेली माणसे यांना तेथे बसू देत नाहीत. माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही हीच चूक केली होती. ते स्थिरस्थावर होऊन पट्टा बांधून बसले होते, तेवढ्यात हवाई सेविकेची नजर त्यांच्या काठीवर गेली आणि भरल्या विमानात, अरुंद वाटेतून लोकांच्या खांद्यांना धरत त्यांना मागे जावे लागले. नियम बरोबरच होता. परंतु आरक्षण करताना वय कळूनही कंपनीने ती जागा आम्हाला विकली, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रवासी परभणीचा:
ताईंचे म्हणणे योग्य आहे. पहिल्या ओळीत पाय मोकळे राहतात, पण समोर आसन नसल्यामुळे औषधांची पिशवीसुद्धा उड्डाणाच्या वेळी वरच्या कप्प्यात ठेवावी लागते, आणि जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात बसवलेला असल्याने मधला दांडा सहसा उचलता येत नाही. शेवटच्या ओळीची पाठ बहुधा मागे झुकत नाही, शिवाय शौचालयाची रांग तेथेच लागते.

या विमानात वाटेच्या डावीकडे ए, बी, सी आणि उजवीकडे डी, ई, एफ अशा जागा असतात. सी जागेवर बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला वाट येते, म्हणून उजवा पाय अधूनमधून वाटेत लांबवायचा असेल तर वडिलांना सी जागाच द्या. डावा गुडघा असता तर मी डी सांगितली असती. मात्र खाद्यपदार्थांची गाडी येताना दिसली की पाय आत घ्यायला हवा, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. आईंना त्याच ओळीतील ए घ्या. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन उजव्या बाजूने येते, त्यामुळे डावीकडच्या खिडकीची झडप ओढून घ्यावी लागणार नाही आणि त्यांना खाली मनसोक्त पाहता येईल. फक्त ओळ पंखाच्या पुढची असावी, नाहीतर खिडकीतून पंखच दिसत राहतो. मधली बी आपली.

पैठणची लेक:
तिन्ही जागा आताच निश्चित करा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना पालकाजवळ बसवण्याचे निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये दिले, पण ते मुलांपुरतेच आहेत. जागा निवडली नाही, तर आई एकीकडे आणि आपण दुसरीकडे असे होऊ शकते.

जालनेकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सातव्या ओळीतील ए, बी, सी घेतल्या. वडिलांसाठी चाकाची खुर्ची मागावी का? ते थोडे संकोचतात.

प्रवासी परभणीचा:
अवश्य मागा, आणि किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा. दिल्लीच्या विमानतळावर चालणे पुष्कळ आहे. खुर्ची मागणाऱ्यांना सहसा आधी आत सोडतात, पण उतरताना सर्वांत शेवटी उतरवतात. म्हणून दिल्लीहून पुढची गाडी पकडायची असेल तर हाताशी भरपूर वेळ ठेवा.