दांडिया बाजारातील जुन्या घराचा दर्शनी भाग

प्रश्न : वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या वडिलोपार्जित घराचे सागवानी दार तैलरंगाच्या थरांखाली दडले असून दर्शनी भिंतीचा चुन्याचा गिलावा ओट्यालगत सुटू लागला आहे. कंत्राटदार सिमेंटचा गिलावा, फरशा आणि लोखंडी दार सुचवतात. जुने रूप राखून दुरुस्ती कशी करावी?

उत्तर : दार कृपया बदलू नका, असे सागवान आता सहज मिळत नाही. मात्र रंग कोरडा घासू नये, कारण जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशावरची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्येच लागू झाली. रंग काढण्याचे द्रावण लावून थर मऊ करावेत, ते ओले असतानाच खरवडावेत, मुले दूर ठेवावीत आणि लाकूड पूर्ण वाळल्यावर जवसाचे तेल पातळ हाताने चोळावे.

उत्तर : भिंतीबाबत माझे मत ठाम आहे. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवते. मग क्षार साचून विटाच झडू लागतात. फरशांनीही तेच होते. सुटलेला भाग काढून चुन्यानेच भरावा व वर चुन्याचीच सफेदी द्यावी. तत्पूर्वी ओल कुठून येते ते पाहा : रस्ता दरवेळी नव्या थराने उंचावत गेला असेल, तर पावसाचे पाणी ओट्याकडे वळते आणि उतार व गटार नीट केल्याशिवाय कोणताही गिलावा टिकणार नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आमच्याकडे रस्ता खरोखरच ओट्याच्या पहिल्या पायरीइतका वर आला आहे, त्यामुळे प्रथम उताराचे काम हाती घेतो.