'इनफ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नाही
इंग्रजीत 'व्हॅल्यू' म्हणजे मोल आणि शब्दाआधीचा 'इन' बहुधा नकाराचा; मग 'इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल का नाही?' असा प्रश्न पडतो. आपला 'अमूल्य' आठवा. त्याला मोल नाही असं नव्हे, त्याचं मोल करता येत नाही. इनव्हॅल्युएबलही अगदी तसाच.

'इनफ्लेमेबल'ची गोष्ट मात्र वेगळी, आणि जिवाशी गाठ घालणारी. त्यातला 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिन 'इनफ्लामारे' म्हणजे पेटवणे. 'इनफ्लेम' हे क्रियापदही त्यातूनच आलं. पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' लिहितात, म्हणजे अतिज्वालाग्राही. कुणी 'न पेटणारं' असा अर्थ घेतला तर अनर्थच! म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरण्याचा आग्रह धरला. न पेटणाऱ्यासाठी 'नॉनफ्लेमेबल'.

'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' या जोडीकडेही बघा. न्यायाधीश डिसइंटरेस्टेडच हवा, म्हणजे निकालात त्याचा स्वतःचा लाभ गुंतलेला नसावा. अनइंटरेस्टेड असेल तर तो खटला ऐकतानाच कंटाळेल. हल्ली पहिला शब्दही 'रस नसलेला' अशा अर्थाने सर्रास वापरतात, ते मला फार खटकतं; 'निःस्वार्थ' आणि 'तटस्थ' या दोन्ही छटा सांगणारा इतका नेमका शब्द इंग्रजीत दुसरा सहज सापडत नाही.