मदत हवी आहे: आंब्याच्या बॉटला सूचना नीट कशा लिहायच्या?

मंडळी, देवगडला आमची कलमं आहेत. हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. यंदा व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं द्यायला एआय बॉट बसवला. सूचना मीच लिहिल्या, आणि तिथंच घोळ झालाय.

आधी दहा ओळी होत्या. मग दर फजितीला तळाशी एक ओळ वाढत गेली, आता साठेक झाल्यात. वर 'दर विचारला की लगेच सांग', खाली 'पिनकोड घेतल्याशिवाय दर सांगू नकोस'. बॉट कधी हे ऐकतो, कधी ते.

परवा तर कहर. एका काकूंनी लिहिलं, 'आंबे हिरवे आलेत.' अहो, आम्ही तयार फळ पाठवतच नाही, घरी अढीत, म्हणजे गवताच्या थरात, घालून पिकवायचं असतं. बॉटनं माफी मागून पेटी बदलून द्यायचं कबूलच केलं! मग मी लिहिलं, 'पेटी बदलून देऊ असं कधीही म्हणू नकोस.' आता साक्याची, म्हणजे आतला गर खराब निघाल्याची, तक्रार आली तरी गवतात ठेवा म्हणतो.

सगळं पुसून नव्यानं लिहू का? मराठीत लिहिल्यामुळे असं होतंय का?

प्रतिसाद १
मराठीचा दोष नाही. देवनागरीला टोकन (एआय मजकूर ज्या तुकड्यांत वाचतो ते) जास्त लागतात, पण गोंधळ एकमेकींना छेद देणाऱ्या ओळींचा आहे. पुसाच. मथळे देऊन खण पाडा: आपण कोण, फळ कसं जातं, ऑर्डर कशी घ्यायची, माणसाकडे कधी सोपवायचं. मनाईपेक्षा कारण लिहा: 'फळ कच्चं पाठवतो, म्हणून हिरवं असणं ही तक्रार नव्हे. साका बाहेरून दिसत नाही, तो निघाला तर मालकाला कळव.' एवढं कळलं की न लिहिलेल्या प्रसंगातही बॉट बराच सावरतो. खाली तीन-चार खरे संवाद नमुन्याला जोडा, पण वेगवेगळ्या तऱ्हेचे. सगळे दराचेच दिलेत तर तो दराचंच तुणतुणं लावेल.

प्रतिसाद २
+१. दर सूचनांत नकोतच, बॉटला शीटमधून वाचू द्या. आजची तारीखही पुरवा, ती त्याला आपोआप कळत नाही. आणि गिऱ्हाइकांचे जुने वीस प्रश्न काढून ठेवा. एक ओळ बदलली तरी वीसही पुन्हा विचारून बघा.

धागाकर्ता
आभार! आज रात्रीच बसतो. एक शंका: लोक नुसतं 'आंबा खराब' लिहितात. हिरवा की साका, बॉटनं कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
'कापून बघितला का?' एवढंच आधी विचारायला सांगा.