सेटिंग कमी करूनही न उघडणारे गेम: जुन्या संगणकांना वगळणे न्याय्य आहे का?

भीमाकाठ (धागाकर्ता)

माझा संगणक मुळात एका कार्यालयाने मुदत संपल्यावर विकून टाकलेला आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय५-४५७० प्रोसेसर, नंतर वाढवून १६ जीबी केलेली डीडीआर३ रॅम आणि २०१६ साली बाजारात आलेले जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. हे कार्ड मी वेगासाठी घेतले नाही. अशा कार्यालयीन संगणकांच्या एसएमपीएसमधून (वीजपुरवठा करणाऱ्या डब्यातून) ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर बहुधा निघतच नाही, आणि या कार्डाची बहुतेक मॉडेले मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅट विजेवर चालतात. म्हणून हेच एक शहाणपणाचे होते.

याच यंत्रावर मी 'सायबरपंक २०७७' सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळलो आहे. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा किमान गरज म्हणून जीटीएक्स ७८० कार्ड आणि ८ जीबी रॅम लिहिलेली होती. मी सावल्या आणि प्रतिबिंबे सर्वांत खालच्या पातळीवर ठेवली आणि फ्रेमांना (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांना) ३० ची मर्यादा घातली. पुढे एएमडी या कार्डे बनवणाऱ्या कंपनीचे एफएसआर तंत्र त्या गेममध्ये आले, ते एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीच्या, माझ्यासारख्या जुन्या कार्डांवरही चालते, आणि खेळणे पुष्कळ सुसह्य झाले. ज्यांना हे तंत्र परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो: 'क्वालिटी' पर्यायात गेम १२८० बाय ७२० मध्ये चित्र काढतो आणि ते १९२० बाय १०८० पर्यंत मोठे करतो. म्हणजे कार्डाला मूळच्या निम्म्याहूनही कमी पिक्सेल रंगवावे लागतात.

कमी पैशांत खेळणाऱ्यांशी या उद्योगाचा वर्षानुवर्षे हा अलिखित करार होता की चित्र साधे दिसेल, गती कमी मिळेल, पण गेम चालेल. तो करार आता मोडला जात आहे असे मला वाटते. 'अ‍ॅलन वेक २' ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा मेश शेडर (वस्तूंचे आकार जलद रचण्याची कार्डातली नवी पद्धत) ही सोय नसलेल्या जीटीएक्स १० मालिकेच्या कार्डांवर तो जेमतेम हलत होता. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला आणि त्यानंतरच्या 'डूम: द डार्क एजेस'ला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग गणण्याची कार्डातच असलेली सोय) असलेलेच कार्ड लागते. २०१७ चे ११ जीबीचे जीटीएक्स १०८० टीआय साध्या चित्रणात, ही सोय असलेल्या आरटीएक्स २०६० पेक्षा वेगवान आहे, तरीही त्याच्यासाठी हे दार बंद आहे. ताकद असूनही केवळ एक सोय नाही म्हणून प्रवेश नाकारणे मला मान्य नाही. विशेषतः 'अ‍ॅलन वेक २'च्या निर्मात्यांनी मार्च २०२४ मध्ये जुन्या कार्डांसाठी सुधारणा करून दाखवली असताना तर नाहीच. इच्छा असेल तर काम होते.

सह्यकडा

धागाकर्त्यांची तळमळ समजू शकतो, पण मुद्द्याशी पूर्ण असहमत आहे.

जुन्या पद्धतीत प्रकाश आधीच गणून ठेवावा लागतो. कलाकार दिवे मांडतात, ती गणना तासन्‌तास चालते, आणि एक भिंत हलवली तरी ती पुन्हा करावी लागते. रे ट्रेसिंग गृहीत धरले की हे सारे काम वाचते. जुन्या कार्डांसाठी दुसरी वाटही राखायची म्हटले तर प्रत्येक दालन, प्रत्येक दिवा दोनदा तपासावा लागेल, आणि ते कष्ट गेम बनवणाऱ्या माणसांच्याच अंगावर पडतील. 'अ‍ॅलन वेक २'चे उदाहरण येथे लागू पडत नाही, कारण तेथे अस्तित्वात असलेली वाट जलद करायची होती, नवी बांधायची नव्हती. शिवाय आरटीएक्स कार्डे सप्टेंबर २०१८ पासून विकली जात आहेत. सहा वर्षांची मुदत अपुरी म्हणता येणार नाही.

सर्वांसाठी दार उघडे ठेवल्याने काय होते, हे 'सायबरपंक'नेच दाखवले आहे. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वर तो बसवण्याचा अट्टहास झाला आणि प्रकाशनानंतर आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला. २०२३ मधला 'फँटम लिबर्टी' हा विस्तार त्या जुन्या कन्सोलवर आणलाच नाही, हा निर्णय मला प्रामाणिक वाटतो.

'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'ची किमान गरजही पाहा. ७२० वरून १०८० पर्यंत ताणलेले चित्र आणि ३० फ्रेम, एवढेच ते वचन आहे. याउलट 'इंडियाना जोन्स'ने किमान कार्ड म्हणून आरटीएक्स २०६० सुपर मागितले आणि त्यावर १०८० मध्ये ६० फ्रेमांचे उद्दिष्ट ठेवले. विकत घेऊन निराश होण्यापेक्षा घेण्याआधीच नकार मिळालेला बरा.

दोनतारी

दोघांचीही चर्चा ग्राफिक्स कार्डाभोवती फिरते आहे, पण आय५-४५७० मध्ये चार कोअर (गणना करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामे) आहेत, ही त्या यंत्राची खरी अडचण आहे. ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० साठी ३३.३. रस्त्यावरची माणसे, गाड्या आणि त्यांच्या हालचाली यांची गणना प्रोसेसरकडे असते, त्यामुळे चित्राचा दर्जा कितीही खाली आणला तरी ते ओझे फारसे हलके होत नाही. तपासणी सोपी आहे. रिझोल्यूशन एकदम ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत तर अडथळा प्रोसेसरचा आहे, आणि मग 'क्राउड डेन्सिटी' (गर्दीची दाटी) कमी करणे हाच उपाय. एफएसआरचा तेथे उपयोग नाही.

दुसरी गोष्ट टेक्स्चरची, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवल्या जाणाऱ्या चित्रांची. १०५० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ११२ जीबी वेगाने वाचली जाते. ४ जीबी भरले की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या स्लॉटमधून सुमारे १६ जीबीच्या वेगाने येतो. गेम मध्येच अडखळतो तो बहुधा यामुळे. तेव्हा टेक्स्चर मेमरीत मावतील इतकेच ठेवावेत, मात्र विनाकारण त्याखाली आणू नयेत, कारण मावत असतील तर त्यांचा वेगावर भार अगदी थोडा असतो. रॅमही एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्यांत असावी.

माळावरची

सह्यकडा यांनी सहा वर्षे पुरेशी म्हटली आहेत, ते मला खटकले. आमच्या घरात एकच संगणक आहे. त्यावर मुलीचा अभ्यास होतो, दुकानाचे हिशेब होतात, आणि रात्री धाकटा दीर खेळतो. असे यंत्र आम्ही गेमच्या वेळापत्रकानुसार बदलत नाही, ते बंद पडले तर बदलतो. आणि चालू यंत्र टाकाऊ ठरवणारे गेम एकटे नाहीत. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद वगळता, इंटेलची आठवी पिढी व त्यापुढचेच प्रोसेसर आहेत. त्याच महिन्यात एनव्हिडियाने १०५० टीआय ज्या पिढीतले आहे त्या पास्कल कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे थांबवले. आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. एका घरातल्या एकाच पेटीवर हे तीन निर्णय एकामागून एक येऊन पडतात, आणि प्रत्येक जण म्हणतो की मी पुरेशी मुदत दिली होती.

घाटावरचा

माझे मत सह्यकडा यांच्या बाजूचे आहे, पण माझे कारण पैशांचे आहे. जुने यंत्र तुकड्यातुकड्यांनी सुधारत राहणे हेच सर्वांत महाग पडते. मी असाच कार्यालयीन संगणक घेतला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणना करून ते कमावणे) बंद झाले आणि एएमडीची आरएक्स ५८० कार्डे स्वस्तात विकायला आली, तेव्हा मी एक घेतले. त्याला वेगळी वीजजोडणी लागते म्हणून एसएमपीएस बदलायला गेलो, तर मदरबोर्डाची पिन नेहमीपेक्षा वेगळी निघाली आणि निराळा अडॅप्टर शोधावा लागला. पाच महिन्यांत ते कार्ड बंद पडले. विक्रेत्याने हात वर केले, कारण पावतीच नव्हती. ती सगळी रक्कम बाजूला ठेवली असती तर आरएक्स ६६०० या नव्या कार्डाच्या अर्ध्या वाटेवर तरी पोहोचलो असतो. धागाकर्त्यांनी आहे त्या यंत्रावर आहे ते खेळावे, पण त्यात आता एक रुपयाही घालू नये, ही कळकळीची विनंती.

भीमाकाठ (धागाकर्ता)

दोनतारी, तुमची चाचणी काल रात्री करून पाहिली. बाजाराच्या गर्दीत ७२० वर आणूनही फ्रेम वाढल्या नाहीत, आणि गर्दी कमी करताच अडखळणे बरेच थांबले. इतकी वर्षे मी दोष कार्डाला देत होतो.

सह्यकडा, प्रकाशाच्या दोन वाटा सांभाळण्याच्या कष्टांचा मी विचार केला नव्हता, आणि जुन्या कार्डांसाठी वेगळी प्रकाशयोजना कराच असा आग्रह मी मागे घेतो. मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या 'किंगडम कम: डिलिव्हरन्स २'ची किमान गरज जीटीएक्स १०६० ही २०१६ ची आहे आणि त्याच्या देखणेपणाबद्दल कोणी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही, हेही नोंदवतो. माझी एक मागणी कायम आहे. 'किमान गरज' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपतात: एक, याखाली गेम संथ चालेल, आणि दुसरी, याखाली तो उघडणारच नाही. ग्राहकाला हा फरक यादीच्या पहिल्या ओळीत कळला पाहिजे.

सह्यकडा

'इंडियाना जोन्स'च्या यादीत हार्डवेअर रे ट्रेसिंग आवश्यक असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. ते खाली, अतिरिक्त सूचनांत होते, हे खरे, आणि ते पहिल्या ओळीत असावे याला माझी हरकत नाही. 'किंगडम कम'बाबत मात्र सहमत नाही. तो गेम ज्या पायावर उभा आहे त्यावर त्या चमूने आधीचा एक मोठा गेम पूर्ण केलेला आहे, आणि एका चमूने वर्षानुवर्षे घडवलेली हातोटी दुसऱ्याकडून सक्तीने मागता येत नाही.

माळावरची, तीन निर्णय एकाच घरावर पडतात हे तुमचे म्हणणे मात्र मला खोडता आलेले नाही.