भिंतीवर बसवायची फायरप्लेस : निवड कशी करावी आणि भिंतीची तयारी काय ठेवावी?

उत्तरभिंत (प्रश्न)

नमस्कार. आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर बसणारी फायरप्लेस घ्यावी, असा विचार गेले दोन हिवाळे चालू आहे. या वर्षी तो तडीस न्यायचा असे ठरवले आहे, पण दुकानातून माहिती घेऊन घरी आलो की मनातला गोंधळ वाढलेलाच असतो. खोली १६ फूट बाय १३ फूट असून छत ९ फुटांवर आहे. घर वरच्या मजल्यावर असल्यामुळे धुराड्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे लाकडाची फायरप्लेस मी आधीच सोडून दिली आहे. जी भिंत मनात आहे ती उत्तरेकडची, बाहेरची भिंत आहे आणि सध्या तिच्यावर टीव्ही आहे.

मला पुढील गोष्टींबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ६० इंची विजेची फायरप्लेस घेतल्यास ३६ इंचीपेक्षा खोली बरीच जास्त तापेल; हे खरे आहे का? भिंतीत सहा इंच खोल कोनाडा फोडून ती आत बसवावी आणि टीव्ही तिच्या वर न्यावा, अशी घरच्यांची इच्छा आहे. त्यात काही धोका आहे का? आणि खऱ्या ज्योतीचा मोह सुटत नसल्यामुळे इथेनॉलवर चालणाऱ्या भिंतीवरच्या फायरप्लेसचाही विचार करावा का? घरात सात वर्षांचा मुलगा आणि वयस्कर आई आहे, एवढे लक्षात घेऊन सांगावे.

पाणसळ

आपण उपकरणाबद्दल तीन प्रश्न विचारले आहेत, पण माझ्या अनुभवात अशा कामाचा निकाल उपकरणापेक्षा भिंतच लावते. म्हणून आधी भिंतीकडे वळतो.

बाहेरच्या भिंतीत कोनाडा फोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर त्या भिंतीत खांब किंवा तुळई लपलेली असू शकते आणि तिला छिन्नी लावणे म्हणजे इमारतीच्या सांगाड्याशी खेळणे होय. दुसरे म्हणजे, जिथे उष्णता हवी तिथेच आपण भिंत सहा इंचांनी पातळ करून ठेवतो, म्हणजे हीटरच्या पाठीमागून थंडी आत यायला वाट मोकळी होते. त्यापेक्षा भिंतीच्या पुढे धातूच्या चौकटीवर बोर्डाची खोटी भिंत उभी करावी. खोलीची सहा-सात इंच जागा जाते खरी, पण कोनाडा हव्या त्या मापाचा मिळतो, वायरी लपतात आणि मूळ भिंतीला धक्का लागत नाही. कोनाड्याचे माप मात्र उपकरणासोबत येणाऱ्या पुस्तिकेतूनच घ्यावे, कारण बाजूला आणि वर किती मोकळी जागा सोडायची हे प्रत्येक नमुन्यात वेगळे असते. सुतार दिसायला घट्ट बसावे म्हणून ती जागा बुजवतात आणि मग आतली उष्णता कोंडून हीटरचे सुरक्षा-स्विच वारंवार बंद पडू लागते.

भिंत कशाची आहे हे ओळखण्यासाठी बोटांनी ठोकून आवाज ऐकण्यापेक्षा, पुढे झाकली जाईल अशा जागी एक बारीक भोक पाडून ड्रिलला लागलेली भुकटी पाहावी. गिलाव्याचा थर संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट. करडी भुकटी येऊन ड्रिल कुरकुरत, अडखळत पुढे सरकले तर काँक्रीट. फिकट, पिठासारखी भुकटी येऊन ड्रिल लोण्यात घुसावे तसे आत गेले तर हलक्या ब्लॉकची भिंत. आणि पांढरी भुकटी येऊन अर्ध्या इंचावर ड्रिल एकदम पोकळीत गेले तर तो जिप्समचा बोर्ड समजावा. वीट व काँक्रीट असेल तर साधे अँकर बोल्ट (भोकात फुगून भिंतीला पकडणारे) पुरतात. हलक्या ब्लॉकमध्ये ते काही महिन्यांत सैल होतात. तिथे त्याच ब्लॉकसाठी बनवलेले लांब नायलॉनचे किंवा केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवायचे) वापरावेत आणि ड्रिलची ठोके देण्याची सोय (हॅमर) बंद ठेवून भोक पाडावे. बोर्डाच्या भिंतीत नुसत्या बोर्डावर कधीही भार देऊ नये. स्क्रू आतल्या उभ्या पट्टीतच जायला हवेत, किंवा बोर्ड लावण्यापूर्वीच मागे जाड प्लाय बसवून घ्यावा. हे वजन केवळ खाली ओढत नाही, ते वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेरही खेचते, हे बरेच जण विसरतात.

टीव्हीबद्दल दुकानात एकच प्रश्न विचारावा : गरम हवा समोरून बाहेर पडते की वरून? वरून पडत असेल तर त्यावर टीव्ही नको. समोरून, खालच्या बाजूने पडत असेल आणि पुस्तिकेत दिलेले अंतर राखता येत असेल तर हरकत नाही. मात्र फायरप्लेसच्या वर गेलेला टीव्ही हमखास मान दुखेल इतका उंच जातो. वर्तमानपत्रे चिकटवून दोन्ही वस्तूंच्या मापाचे कागद भिंतीवर लावा आणि दोन संध्याकाळी सोफ्यावर बसून पाहा. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर असते. ज्योत त्याच्या थोडी खाली असली की डोळ्यांना बरी वाटते आणि ऊबही पायांपाशी राहते.

इथेनॉलची फायरप्लेस बसवायचीच असेल, तर कोनाड्याला आतून न जळणाऱ्या बोर्डाचे अस्तर लावून ती व्यवस्थित बसवता येते. बांधकामाच्या बाजूने मला त्यात अडचण दिसत नाही.

तिसरी पिन

विक्रेत्याचे विधान चुकीचे आहे. विजेच्या हीटरमध्ये जेवढे वॅट जातात तेवढीच उष्णता बाहेर येते, मग चौकट ३६ इंची असो वा ६० इंची. दोन्हींच्या पाठीवरची पट्टी वाचा. दोन्हीकडे १५०० किंवा २००० वॅट असाच आकडा सापडण्याची शक्यता मोठी आहे. जास्तीच्या पैशात ज्योतीची लांबी मिळते, ऊब नव्हे. ज्योतीचे एलईडी दिवे तर हीटरच्या मानाने नगण्य वीज घेतात, म्हणून उन्हाळ्यात हीटर बंद ठेवून नुसती ज्योत लावली तरी बिलात फरक जाणवत नाही.

आता आपल्या खोलीचा हिशेब. बऱ्यापैकी बंदिस्त खोलीसाठी चौरस फुटाला १० वॅट असा ढोबळ अंदाज धरतात. आपली खोली २०८ चौरस फूट, म्हणजे सुमारे २१०० वॅट; त्यात एक भिंत बाहेरची आणि तीही उत्तरेची. म्हणजे १५०० वॅटची फायरप्लेस कडाक्याच्या थंडीत एकटी पुरणार नाही, ती जोड म्हणूनच काम करील. खोलीत गरम हवा देणारा एसी असेल तर खोली त्याने तापवावी, कारण तो एका युनिटमध्ये साधारण तिप्पट उष्णता देतो. फायरप्लेसचा हीटर बसण्याच्या जागेपुरता वापरावा. हे ऐकून दुकानदार नाराज होतात, पण गणित असेच आहे.

माझी खरी काळजी सॉकेटची आहे. २३० व्होल्टवर १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर आणि २००० वॅट म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर, तेही सलग तीन-चार तास. टीव्हीच्या मागे असलेले छोटे सॉकेट यासाठी बनवलेले नसते. मागच्याच हिवाळ्यात मी असे एक सॉकेट उघडले होते. बाहेरून फक्त एका भोकाभोवती चहाच्या डागासारखी तपकिरी कड दिसत होती. आत वायरीचे आवरण कडक होऊन बोटाने मोडत होते आणि स्क्रू अर्धा वळसा सैल होता. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप वीज तोडणारा स्विच) मात्र एकदाही पडला नव्हता, कारण प्रवाह ठरलेल्या मर्यादेतच होता. तापत होता तो सैल जोड.

म्हणून मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्यावी : २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी, व्यवस्थित अर्थिंग आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षण (वीज जमिनीकडे किंवा अंगातून गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच). सॉकेट हीटरच्या थेट वर किंवा त्याच्या मागे कोंडलेले नको. बाजूला, हात पोहोचेल असे असावे. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच आणि खोटी भिंत बंद होण्यापूर्वी करून घ्यावे. नंतर केले तर तेच काम दुप्पट खर्चाचे होते.

निळी ज्योत

पाणसळ यांचे इथेनॉलबद्दलचे वाक्य बांधकामापुरते बरोबर असेल, पण मी ती फायरप्लेस एक पूर्ण हिवाळा वापरली आहे आणि लहान मूल असलेल्या घराला ती सुचवण्यास माझी तयारी नाही.

तिचे सौंदर्य मी नाकारत नाही. खरी ज्योत हलते तेव्हा एलईडीची आठवणही होत नाही. पण धूर दिसत नाही म्हणून काहीच बाहेर पडत नाही, हा समज खोटा आहे. एक लिटर इथेनॉल जळले की सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड आणि ९०० ग्रॅमहून अधिक पाण्याची वाफ खोलीतच सोडली जाते. माझ्या खिडक्यांच्या काचा दुसऱ्या दिवशी सकाळी आतून ओघळलेल्या असत, आणि पहिला महिनाभर मी त्याचा दोष थंडीलाच देत होतो. हवेसाठी खिडकी किलकिली ठेवावी लागते, म्हणजे लिटरमागे मिळणाऱ्या जवळजवळ सहा युनिट उष्णतेतली काही परत बाहेर जाते.

खरा धोका मात्र इंधन भरताना असतो. उजेडात इथेनॉलची लहान ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझली असे समजून कोणी गरम बर्नरमध्ये कॅनमधून इंधन ओतले, तर वाफ पेट घेऊन आग थेट कॅनकडे धावते आणि समोर बसलेल्या माणसावर भडका उडू शकतो. अशा अपघातांत माणसे गंभीर भाजली आहेत. बर्नर पूर्ण गार होईपर्यंत थांबावे, हा नियम मला ठाऊक होता, तरी पाहुणे बसलेले असताना तो पाळणे किती कठीण जाते हेही मी अनुभवले आहे. घ्यायचीच झाली तर ईएन १६६४७ या युरोपीय मानकानुसार तपासलेलीच घ्यावी आणि इंधनाचा साठा खोलीबाहेर, कुलपात ठेवावा.

पाणसळ

मान्य आहे. मी फक्त भिंतीचा विचार केला होता, घरातल्या माणसांचा नाही. माझे ते वाक्य मागे घेतो.

उत्तरभिंत

सर्वांचे मनापासून आभार. काल टीव्हीच्या मागे, दिसणार नाही अशा जागी भोक पाडून पाहिले. भुकटी फिकट आणि मऊ निघाली, ड्रिलही अजिबात जोर न लावता आत गेले. म्हणजे हलक्या ब्लॉकची भिंत असावी. इथेनॉलचा विचार सोडला आहे. कागद चिकटवल्यावर आईनेच सांगितले की वर टीव्ही पाहायला तिला मान वर करावी लागेल, त्यामुळे टीव्ही आता शेजारच्या भिंतीवर जाईल. ४२ इंची, २००० वॅटची, समोरून हवा सोडणारी विजेची फायरप्लेस आणि पुढे खोटी भिंत, असे ठरते आहे.

दोनच शंका उरल्या आहेत. एका नातेवाइकांनी गॅसची फायरप्लेस सुचवली आहे, ती पूर्ण बाद समजावी का? आणि दुकानात गोंगाट असल्यामुळे पंख्याचा आवाज कळलाच नाही, तो त्रासदायक असतो का?

तिसरी पिन

गॅसबद्दल थोडक्यात सांगतो. बंद काचेची, बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारी रचना चांगली असते, पण तिच्या दुहेरी नळीसाठी बाहेरच्या भिंतीला आरपार भोक पाडावे लागते, खिडक्यांपासून ठरावीक अंतर ठेवावे लागते, इमारतीची परवानगी आणि अधिकृत गॅस-फिटर लागतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा. खोलीतच धूर सोडणारा प्रकार कोणी सुचवला तर नकार द्यावा. आपल्या परिस्थितीत मी या वाटेला गेलो नसतो.

पाणसळ

आवाज दोन ठिकाणांहून येतो. हीटर चालू असताना पंख्याची घरघर असते आणि ती टीव्ही चालू असला तर विसरली जाते. दुसरा आवाज जास्त छळतो : पुष्कळ नमुन्यांत ज्योत हलती दिसावी म्हणून चकचकीत पत्र्याचे तुकडे लावलेली एक दांडी छोट्या मोटरवर फिरत असते आणि तिचा एखादा तुकडा वाकलेला असला की तो दर फेरीला कुठेतरी घासून टिक-टिक करतो. रात्री शांततेत ती टिक-टिक घड्याळासारखी कानात बसते. दुकानदाराला संगीत बंद करायला सांगून, हीटर बंद व ज्योत चालू ठेवून, कान जवळ नेऊन पाच मिनिटे ऐकावे. त्याच वेळी एलईडीची पट्टी आणि ती मोटर समोरची काच काढून बदलता येते का हेही विचारावे. नाहीतर दोन वर्षांनी एका पट्टीसाठी संपूर्ण उपकरण कोनाड्यातून उतरवावे लागते.

मुलासाठी एक सांगायचे राहिले. समोरची काच फारशी तापत नसली तरी हवा सोडणारी जाळी चांगलीच तापते, म्हणून तिच्यासमोर एक मीटरपर्यंत पडदा, गादी, खेळणी असे काही नको, आणि रिमोटवर मुलांसाठी लॉक असेल तर तो चालू ठेवावा. पहिल्यांदा हीटर लावाल तेव्हा अर्धा तास जळका वास येईल. तो हीटरच्या तापणाऱ्या तारेवरच्या धुळीचा व लेपाचा असतो, खिडकी उघडी ठेवावी. त्यानंतरही वास येत राहिला तर प्लग काढून तपासणी करून घ्यावी.

आणि खोटी भिंत बंद करण्याआधी तिचे, मोजपट्टी शेजारी धरून, फोटो काढून ठेवा. उभ्या पट्ट्या कुठे आहेत आणि वायर कुठून गेली आहे हे पुढच्या वर्षी शेजारी एखादी तसबीर टांगताना कोणालाच आठवत नाही.