अलीकडे वाचलेलं, अलीकडे ऐकलेलं : ते तुम्हाला कुठे भेटलं?

गेल्या महिन्यात कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी ‘रणांगण’ वाचून संपवली. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ ची. कॉलेजात असताना ती हातात आली होती, तेव्हा तीस पानांत सोडून दिली होती. या वेळी चार दुपारी लागल्या. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर मायदेशी परतणारा चक्रधर, आणि जर्मनीतून परागंदा व्हावं लागलेली ज्यू हॅर्टा. त्याला मुंबईला उतरायचंय, तिला पुढे जायचंय. हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, तरी बोट मुंबईच्या जवळ येऊ लागली तसं माझं वाचणं मंदावलं. पुढचं पान उलटलं तर बोट लागेल, म्हणून मी उलटेना. डबा तसाच राहिला.

माझी कचेरी बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. बावीस वर्षं याच गल्लीत काम करते. विलायतेच्या बोटी एके काळी बॅलार्ड पियरला लागत, हे ठाऊक होतं, पण ते नुसतंच ठाऊक होतं. त्या दुपारी उठून गोदीच्या भिंतीपर्यंत चालत गेले. भिंतीपलीकडचं पाणी दिसत नाही. एक ट्रक मागे येत होता आणि कुणीतरी त्याला “आन दो, आन दो” म्हणत होतं. तिथे उभी राहून मी हॅर्टासाठी रडले.

म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारावंसं वाटलं. अलीकडे कोणती कादंबरी वाचलीत, काय ऐकलंत? परीक्षण नको, सगळी गोष्टही नको. ते तुम्हाला कुठे भेटलं, कशाच्या मधे भेटलं, तुमचं आधीचं मत बदललं का, तेवढं लिहा. नावडलेलंही चालेल.

भांडुप

माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, दहा बाय आठचं. वडिलांचं होतं तेव्हा तिथे शर्ट-पँट शिवत. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस रात्री दोनपर्यंत दोन मशिनी चालायच्या, काजं-बटणांसाठी चाळीतल्या बायका कपडे घरी न्यायच्या. आता माझ्याकडे ब्लाऊज येतात, फॉल येतात आणि रेडीमेड पँटा येतात, उंची कमी करायला. अख्खी पँट शिवायला शेवटची कधी आली ते आठवत नाही.

भाचीनं ‘उसवण’ आणून दिली. देवीदास सौदागर यांची. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाय तिला. गावातल्या शिंप्याची गोष्ट, तयार कपड्यांनी त्याचं काम कसं हातातून जात राहतं त्याची. लेखकानं स्वतः शिवणकाम केलंय. ते मला कुणी सांगायला नको होतं, वाचताना बोटांना कळत होतं.

उसवणं हे वेगळं काम आहे, लोकांना ते माहीत नसतं. टीप घालण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ब्लेडनं दर तिसरा-चौथा टाका तोडायचा, कापडाला धक्का लागू द्यायचा नाही, मग उलट्या बाजूचा दोरा हळू ओढायचा. नीट तोडलं असेल तर सगळा दोरा एका ओढीत सुटून येतो आणि कापडावर बारीक भोकांची रांग राहते. ती रांग कितीही इस्त्री करा, पहिल्या धुण्यापर्यंत दिसते. वडील गेल्यावर त्यांचं पायमशीन विकून टाकू, असं घरात निघालं होतं. पुस्तक संपलं त्या रात्री मी त्याला तेल घातलं. अजून शंभर पानं असती तरी मी वाचली असती, एवढीच तक्रार.

पवई

नंदा खरे यांची ‘उद्या’. बसमध्ये वाचली, येताना-जाताना. माणसांवर सतत नजर ठेवणारी व्यवस्था, तिच्यात हळूहळू गुदमरणारी साधी माणसं. माझं काम सॉफ्टवेअरचं, लोक कुठे किती वेळ थांबतात याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालींचं. आवडली असं कसं म्हणू? रात्री झोप आली नाही. २०२० चा अकादमी पुरस्कार खऱ्यांनी नाकारला, आपण पुरस्कार घेणं थांबवलंय म्हणाले. सगळ्यांनी वाचावी असं मनापासून वाटतं, माझ्या हापिसातल्यांनी तर नक्कीच.

विलेपार्ले

वय ७४. कादंबऱ्या वाचणं डोळ्यांमुळे कमी झालंय, म्हणून गाण्याबद्दल लिहितो.

किशोरीताई आमोणकरांचा भूप राग. ‘प्रथम सूर साधे’ आणि मग ‘सहेला रे’. हे ध्वनिमुद्रण ऐकलेलं नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडणार नाही. मीही शंभरदा ऐकलं असेल, पण खरं सांगायचं तर मी वर्षानुवर्षं ताईंवर रागावलेला श्रोता होतो. आई मोगूबाईंकडून आलेली जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार गायकी, लयीला घट्ट बांधलेली तान, एवढं धन घरात असताना ह्या आलापीत इतक्या का रमतात, असं वाटायचं. यावरून मित्रांशी कडाक्याची भांडणं झाली आहेत. पहाटे मैफलीतून परतताना पार्ल्याच्या पुलावर उभं राहून.

यंदा पावसाळ्यात पत्नी अतिदक्षता विभागात होती. बाहेरच्या बाकावर रात्र काढायची. मुलानं फोनमध्ये गाणी भरून दिली होती. एका कानात ती वायर, दुसरा कान नर्सच्या हाकेसाठी मोकळा. तिसऱ्या की चौथ्या रात्री हा भूप लागला.

भूपात पाचच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. गाणं शिकायला आलेल्या पोरांना सुरुवातीलाच देतात, म्हणून लोक त्याला सोपा समजतात. देशकाराचेही हेच पाच स्वर. धैवतावर जोर गेला की देशकार होतो, गंधाराशी राहिलात की भूप. म्हणजे सगळा राग कुठे थांबायचं यावर उभा आहे. त्या रात्री ताई गंधारावर थांबल्या आणि मला पहिल्यांदा ते थांबणं ऐकू आलं. मी इतकी वर्षं त्या पुढे कुठे जातात ते ऐकत होतो. आत यंत्राचा टक्-टक् आवाज चालू होता, आणि इकडे ही बाई एका स्वराला घाई करू देत नव्हती. ताईंवरचा माझा राग तिथे संपला. ताई २०१७ मध्ये गेल्या. त्या हयात असताना हे कळायला हवं होतं, याचं फार वाईट वाटतं.

पत्नी सोळा दिवसांनी घरी आली. तो भूप मी अजून घरात लावलेला नाही.

गिरगाव

काका, तुमचा अनुभव वाचून लिहायला बसलो. माझ्यासाठी ती जागा कुमारजींची, कुमार गंधर्वांची आहे. २०२१ मध्ये माझं फुफ्फुस करोनानं खराब झालं, दोन जिने चढलो की बसावं लागायचं. कुमारजी लहानपणी इथे, ऑपेरा हाऊसपाशी, देवधर मास्तरांकडे शिकले. पुढे क्षयानं त्यांना देवासला अंथरुणात पाडलं आणि काही वर्षं गाणंच बंद. परत गायला लागले ते निम्म्या श्वासावर. त्यांची निर्गुणी भजनं ऐकताना मी आता शब्दांकडे लक्ष देत नाही, श्वास कुठे घेतात ते ऐकतो. सूर फेकतात, सोडतात, मध्ये शांतता ठेवतात. जिना चढताना मी तसाच चढायला शिकलो.

माहीम

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ २०१२ ची. मी शांता गोखले यांचा मराठी अनुवाद वाचला, ‘एम आणि हूमराव’. माहीममधलं छोटं घर, चार माणसं, त्यातली आई मनानं आजारी. कधी आकाशात, कधी विहिरीच्या तळाशी. मुलगा सांगतोय.

आमच्या घरात हे बाबांचं होतं. इथून चार गल्ल्या पलीकडे, एका खोलीत. मी अकरा वर्षांची असल्यापासून गोळ्या मोजायचे. स्टीलची डबी होती, हळदी-कुंकवाला वाण मिळालेली, झाकणावर मोर. त्यात आठवड्याच्या गोळ्या. रोज शाळेतून आले की आधी डबी उघडायची, मग दप्तर उतरवायचं. एक जास्त दिसली तर बाबांनी चुकवलीय. कमी दिसल्या तर पोटात गोळा यायचा. हे मी नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

या कादंबरीतली आई भन्नाट बोलते. शिव्या देते, काहीच्या बाही बोलते, हसवते. सुरुवातीला मला राग आला, की अशा घरात हसू कसं दाखवतात? मग आठवलं की आमच्याही घरात हसू होतं. बाबा चांगले असले की रात्री अकराला उठवून माहीमच्या दर्ग्याकडे खाजा खायला न्यायचे. आजारपणाखाली मी ते सगळं पुरून टाकलं होतं. पुस्तकानं ते मला परत आणून दिलं. शांताबाईंची भाषा इतकी घरातली आहे, की मूळ पुस्तक इंग्रजी आहे हे मला मधल्या मधल्या पानांवर विसरायला होत होतं.

आईला वाचून दाखवावं का, हे अजून ठरत नाही. ती ७० ची आहे. कुणी घरच्या माणसाला असं वाचून दाखवलंय का?

भांडुप

माहीमच्या ताई, मी ‘उसवण’मधलं आईला वाचून दाखवलं. सगळं नाही, दोनच पानं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, काल वाचत होतीस त्याच्या पुढचं वाच.

वरळी कोळीवाडा

मी गाण्याबद्दल. ‘मी डोलकर’ सगळ्यांना पाठ असतं. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, लतादीदी आणि हेमंत कुमार. शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये त्यावर नाच. शहरातल्या मुली टोपल्या घेऊन ठुमकायच्या आणि मला खऱ्या कोळणीची पोर म्हणून पुढे उभं करायचे. त्या गाण्याचा मला मनस्वी तिटकारा होता.

बहुतेकांना डोलकर म्हणजे डोलणारा वाटतं. डोल हे जाळं आहे. मोठ्या पिशवीसारखं, समुद्रात खुंटांना बांधून ठेवायचं. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आत शिरते. ओढ फिरायच्या आत जाळं काढायला हवं. म्हणून डोलकर घड्याळावर जगत नाही, भरती-ओहोटीवर जगतो. माझा बाप तसाच जगला. मध्यरात्री उठायचा, दुपारी झोपायचा, आम्ही पोरं दिवसभर कुजबुजत बोलायचो.

गेल्या वर्षी तो गेला. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी शेजारी कुणीतरी रेडिओ लावला होता, त्यावर तेच गाणं. या वेळी ऐकलं ते हेमंत कुमारांच्या आवाजामुळे. तो आवाज नाचणाऱ्या माणसाचा नाहीच. दमून परत येणाऱ्या माणसाचा आहे. इतकी वर्षं नाच बघून बघून मी गाणं ऐकलंच नव्हतं.

आणखी एक सांगते. आमच्यात लग्नाला धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तिच्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. माझी आत्या धवलारीण आहे, ७९ वर्षांची. आता लग्नात बँड आणि डीजे इतका मोठा, की तिच्या तोंडाला कान लावावा लागतो. यंदा मी फोन घेऊन तिच्याजवळ बसले आणि आतापर्यंत सव्वीस धवले उतरवून घेतले. मध्येच थांबते, म्हणते हा हळद दळताना म्हणायचा, जातं नसताना कसा म्हणू? मग मी पाटा ओढून दिला. पाट्यावर हात फिरायला लागला तसे शब्द आले. सध्या मी दुसरं काहीच ऐकत नाही.

लालबाग

वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत. ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. घरात गाणं एकच, ‘माझी मैना गावावर राहिली’. अण्णाभाऊ साठ्यांची छक्कड, लावणीचाच एक प्रकार. बाबा ती अंघोळ करताना म्हणत. मला वाटे, हे आईबद्दल आहे, कारण आई तेव्हा गावी होती. मोठेपणी कळलं, की त्यात बेळगाव-कारवारही आहे, महाराष्ट्राबाहेर राहिलेला सगळा मुलूख आहे. तरीही मला ती आजही आईचीच वाटते.

‘फकिरा’ मात्र मी ५३ व्या वर्षी वाचली, यंदा. अण्णाभाऊंचीच, १९५९ ची कादंबरी. भडक असेल, असा उगाच समज करून घेतला होता. वारणेच्या खोऱ्यातला दुष्काळ, उपाशी वस्ती, आणि धान्य लुटून आणून वाटणारा फकिरा. भडक नाही, वेगवान आहे. भूक माहीत असलेल्या माणसानं लिहिलीय. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबई गाठलेला मुलगा, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून हे लिहितो आणि बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण करतो. संपाच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे रेशनच्या तांदळाची पेज असायची, मीठ घालून. फकिरा धान्य वाटतो ते पान आलं तेव्हा तीच चव तोंडाला आली. बाबा असते तर त्यांना आधी विचारलं असतं, तुम्ही वाचली होतीत का?

बोरिवली

मी पुस्तकातला नाही. सकाळची ७.१२, जनरलचा डबा, त्यात भजनी मंडळ. दहा वर्षं त्याच गाडीनं जातो आणि दहा वर्षं दुसऱ्या डब्यात चढायचो, आवाज नको म्हणून. मार्चमध्ये नोकरी गेली. घरी सांगितलं नव्हतं, रोज डबा घेऊन निघायचो. त्या दिवसांत एकदा गर्दीत चुकून त्यांच्या डब्यात ढकलला गेलो.

पखवाज नसतो, दाराच्या पत्र्यावर बोटं चालतात. रूपाचा अभंग, मग गजर, मग गौळण. बुवा मालवणकडचे, गावी डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, उभे राहणारे. समोरचा बुवा काय म्हणेल ते ओळखून पुढचं पद बांधायचं असतं, असं त्यांनी मला कांदिवली ते गोरेगाव समजावलं. कुणी विचारलं नाही, कुठे कामाला आहेस. जागा करून दिली.

आता नवी नोकरी लागली आहे, अंधेरीलाच. पण मी त्यांच्याबरोबर चर्चगेटपर्यंत जातो आणि परत येतो. परवा बुवांचा घसा बसला होता. त्यांनी टाळ माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “तू घे, मी फक्त सांगतंय.”